आईबाबांना घेऊन एडिंबराला: आधी चढ बघा, मग नकाशा

पत्र:

आम्ही लंडनला राहतो. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात साताऱ्याहून आईबाबा येताहेत. बाबा 71 वर्षांचे, आई 67 ची, सोबत माझा 9 वर्षांचा मुलगा. बाबांना गडकिल्ल्यांचं भारी वेड, पण उजवा गुडघा दुखतो. सपाटीवर तासभर सहज चालतात, पायऱ्या उतरताना मात्र हाल होतात. आई शाकाहारी आहे, अंडंही चालत नाही. शुक्रवारी सकाळच्या गाडीने एडिंबराला जाऊन रविवारी रात्री परतायचं आहे. बेत असा: शुक्रवारी दुपारी किल्ला आणि अख्खा रॉयल माइल, शनिवारी बसने लॉख नेस, रविवारी हॉलीरूड राजवाडा, आर्थर्स सीटची टेकडी आणि ब्रिटानिया जहाज. काऊगेटवर एक हॉटेल बघून ठेवलं आहे, नकाशात तिथून सगळं जवळ दिसतं. हे जमेल का?
— एक वाचक, लंडन

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

जागा सगळ्या चांगल्या निवडल्या आहेत. पण हा बेत नकाशावरची अंतरं बघून केलेला आहे, आणि एडिंबरात ज्येष्ठांची सहल बहुतेक वेळा तिथेच फसते. या शहराला मजले आहेत. दोन ठिकाणांत किती मीटर अंतर आहे यापेक्षा ती एकाच उंचीवर आहेत का, हे आधी बघायचं.

असं का, हे बाबांना किल्ल्याच्या भाषेत लगेच पटेल. किल्ला उभा आहे तो सुमारे 35 कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या नळीत थिजलेल्या कठीण खडकावर. हिमयुगात पश्चिमेकडून आलेली हिमनदी या कातळावर आदळली, दोन्ही अंगांनी खोल घळी कोरत पुढे गेली आणि कातळाच्या आडोशाला, पूर्वेकडे, शेपटीसारखी उतरती सोंड शिल्लक राहिली. त्या सोंडेच्या पाठीवरचा रस्ता म्हणजे रॉयल माइल. वर किल्ला, खालच्या टोकाला राजवाडा. उत्तरेच्या घळीत आज बाग आणि वेव्हर्ली स्टेशन आहे, दक्षिणेच्या घळीत तुमचं काऊगेट. पुढे या घळींवरून पूल टाकले गेले. 1788 मध्ये खुल्या झालेल्या साउथ ब्रिजला 19 कमानी आहेत, पण दुतर्फा घरं उभी राहिल्यामुळे त्यातली एकच उघडी दिसते, तीही काऊगेटवरची. फोनच्या नकाशात काऊगेट आणि साउथ ब्रिज एकमेकांना छेदतात. प्रत्यक्षात एक रस्ता दुसऱ्याच्या डोक्यावरून जातो आणि मधे चौक नाहीच.

म्हणून ते हॉटेल सोडा. काऊगेटवरून कुठेही जायचं म्हणजे आधी चढ किंवा जिना, आणि परतताना तोच उतार, दिवसभर दमलेल्या गुडघ्याने. शिवाय शुक्रवारी-शनिवारी रात्री तिथे पबांची वर्दळ उशिरापर्यंत चालते. (तिथलं ‘गेट’ म्हणजे दरवाजा नव्हे, जुन्या नॉर्स भाषेतला ‘रस्ता’. वेशीचा दरवाजा शोधत फिरू नका.)

मुक्काम ट्रामच्या रेषेवर करा: सेंट अँड्र्यू स्क्वेअर, प्रिन्सेस स्ट्रीट, वेस्ट एंड किंवा हेमार्केट. 1767 मध्ये जेम्स क्रेगच्या आराखड्यानुसार आखलेल्या न्यू टाउनच्या या पट्ट्यात, म्हणजे जॉर्ज स्ट्रीट आणि प्रिन्सेस स्ट्रीटवर, रस्ते सरळ आणि पुष्कळसे सपाट आहेत. इथून उत्तरेकडे जाणारे रस्ते मात्र जोरात उतरतात, तेव्हा क्वीन स्ट्रीटच्या पलीकडे खोली घेऊ नका. खोली ठरवण्याआधी हॉटेलला दोन प्रश्न लेखी विचारा: लिफ्ट आहे का, आणि फुटपाथपासून रिसेप्शनपर्यंत किती पायऱ्या आहेत? जुन्या जॉर्जियन घरांतल्या गेस्टहाउसना दारातच पाच-सहा पायऱ्या असतात आणि आत लिफ्ट बसवायला बऱ्याचदा परवानगी मिळत नाही. फ्लॅट घेणार असाल तर जाहिरातीत परवाना क्रमांक आहे ना, बघा. स्कॉटलंडमध्ये अल्पकालीन भाड्याच्या घरांना तो बंधनकारक आहे. ‘थर्ड फ्लोर’ लिहिलं असेल तर तळमजला धरून चौथा मजला, आणि तोही बहुधा गोल दगडी जिन्याने. खर्चात एक भर धरा: 24 जुलै 2026 पासूनच्या मुक्कामांवर शहराचा 5 टक्के पर्यटक कर लागतो. तो सलग मुक्कामाच्या पहिल्या पाच रात्रींपुरताच असतो.

आता लॉख नेस. हे मनापासून सांगतो, रद्द करा. एडिंबराहून जाऊन-येऊन सुमारे बारा तासांची बसफेरी आहे. त्यातला बहुतेक वेळ सीटवर जातो, सरोवराकाठी तास-दीड तास मिळतो. गुडघा दुखणाऱ्या माणसाला बारा तास वाकवलेला पाय चालण्यापेक्षा जास्त छळतो. आणि तीन दिवसांतला मधला, एकमेव पूर्ण दिवस त्यात संपतो. हायलँड्स बघायचेच असतील तर पुढच्या खेपेला इनव्हर्नेसला मुक्काम करून जा. शहराबाहेरचं काहीतरी हवंच असेल तर वेव्हर्लीहून डालमेनीपर्यंत लोकल गाडीने वीस मिनिटांच्या आत पोहोचता येतं. तिथे 1890 मध्ये सुरू झालेला, सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा फोर्थचा तांबडा रेल्वेपूल आहे. मात्र डालमेनी स्टेशनपासून खाली किनाऱ्यावर जायची वाट उताराची आहे, तेवढ्यापुरती टॅक्सी बोलवा.

प्रवासाबद्दल. किंग्ज क्रॉस ते वेव्हर्ली साधारण साडेचार तास. तिघं मोठे आणि एक मूल असल्यामुळे तुम्हाला ‘फॅमिली अँड फ्रेंड्स’ हे एकच रेलकार्ड पुरतं: मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलाला 60 टक्के सवलत. आईबाबांसाठी ‘टू टुगेदर’ हे दोघांचं रेलकार्ड घेऊ नका. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही, आणि तुमची गाडी नेमकी त्याच वेळेची असणार. आगाऊ तिकिटं साधारण बारा आठवडे आधी खुली होतात. ती त्या ठरावीक गाडीलाच चालतात, म्हणून रविवारची परतीची वेळ आधी ठरवा, मग घ्या. रविवारी रुळांच्या कामांमुळे वेळापत्रक बदलतं आणि गाड्या हळू धावतात, तेव्हा तिकीट काढताना त्या तारखेची वेळच बघा. जाताना उजव्या हाताच्या खिडक्या घ्या. डरॅमचं कॅथेड्रल त्याच बाजूला दिसतं, आणि बेरिकच्या आसपास रूळ समुद्राच्या कड्यालगत येतात. बाबांसाठी ‘पॅसेंजर असिस्ट’ची मोफत मदत आधी नोंदवून ठेवा.

वेव्हर्ली घळीच्या तळाशी आहे, त्यामुळे बाहेर पडणं हाच पहिला चढ. प्रिन्सेस स्ट्रीटकडे सरकते जिने आहेत, ते वापरा. नवखे लोक दक्षिणेकडून बाहेर पडून फ्लेशमार्केट क्लोससारख्या बोळात शिरतात, कारण नकाशा तीच वाट सर्वांत जवळची दाखवतो. ती उभ्या पायऱ्यांची वाट आहे. ‘क्लोस’ म्हणजे हे बोळ, पेठांतल्यासारखे अरुंद, रॉयल माइलच्या दोन्ही अंगांनी खाली घसरणारे. वरून दोन-चार पावलं आत जाऊन बघायला फार सुंदर. बाबांनी खालून वर यायला किंवा वरून खाली जायला मात्र वापरू नयेत.

शुक्रवारची दुपार सपाटीवरच ठेवा. सामान टाकून प्रिन्सेस स्ट्रीट गार्डन्समध्ये या. इथे पूर्वी नॉर लॉख हे तळं होतं. त्याच्या कडेचा ‘माउंड’ हा भराव न्यू टाउनचे पाये खणताना निघालेल्या मातीचा आहे. माउंडच्या पायथ्याशी नॅशनल गॅलरी, प्रवेश मोफत, पाचला बंद. रेबर्नचा बर्फावर स्केटिंग करणारा पाद्री एवढं एक चित्र मुलाला नक्की दाखवा. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटच्या स्मारकाच्या 287 पायऱ्या तुम्ही आणि मुलगा हवं तर चढा. जिना फार चिंचोळा आहे, वरच्या टप्प्यात पाठीवरची पिशवीही अडते.

त्या दिवसांत सूर्य संध्याकाळी सातच्या सुमाराला मावळतो. आकाश मोकळं असेल तर साडेसहाला कॅल्टन हिलच्या पायथ्याशी टॅक्सीने जा. वॉटर्लू प्लेसकडून वर पोहोचायला दहा मिनिटं लागतात. पायऱ्या आहेत, पण मोजक्या, आणि उतरताना पायऱ्यांऐवजी फिरून जाणारी उताराची वाट धरता येते. वरून किल्ला, जुनं गाव आणि आर्थर्स सीट एकाच नजरेत येतात. त्यानंतर बाबांना आर्थर्स सीट न चढल्याची हळहळ बरीच कमी होईल. तिथले 12 खांब हे ग्रीक देवळाचे अवशेष नव्हेत. 1826 मध्ये सुरू केलेलं युद्धस्मारक पैसे संपल्यामुळे 1829 मध्ये थांबलं, ते तसंच आहे. अंधार पडायच्या आत खाली या.

शनिवार किल्ल्याचा. वेळेचं तिकीट ऑनलाइन घ्या, साडेदहाचं. खिडकीवर महाग पडतं, आणि गर्दीच्या दिवशी मिळतही नाही. 65 वर्षांवरील सवलत आईबाबांना लागू होईल. साडेनऊचं पहिलं का नको, तर दुपारी एकची तोफ. 1861 पासून ही तोफ दररोज बरोबर एकला उडते, पण रविवारी, गुड फ्रायडेला आणि नाताळच्या दिवशी नाही. रविवारी किल्ला ठेवला असता तर ती हुकली असती. फोर्थच्या खाडीतल्या जहाजांना घड्याळ लावता यावं म्हणून ही प्रथा सुरू झाली.

कॅसलहिलपर्यंत टॅक्सीने या. दरवाज्याच्या आत खरा चढ लागतो, चौकोनी दगडांच्या फरसबंदीचा. पोर्टकलिस गेट ओलांडलं की डाव्या हाताला ‘लँग स्टेअर्स’च्या 70 पायऱ्या आहेत. त्या टाळा, वळसा घेणाऱ्या उताराने वर जा. चालणं अवघड असणाऱ्यांना वर नेणारं छोटं वाहन किल्ल्यात असतं. आत शिरताच तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा, संकोच करू नका. त्यात जागा थोड्या असतात, म्हणून आल्या आल्या विचारणं बरं.

आतला क्रम उलटा ठेवा: आधी माथा, मग खाली. बहुतेक लोक पहिल्या तोफांपाशी रेंगाळतात, आणि साडेअकराला राजचिन्हांच्या दालनापुढे रांग लागते. तुम्ही थेट क्राउन स्क्वेअरला जा. मुकुट, राजदंड आणि तलवार पाहून घ्या. ही ब्रिटनमधली सर्वांत जुनी राजचिन्हं. पेटीत कुलूपबंद राहून जवळजवळ विसरली गेली होती, ती 1818 मध्ये वॉल्टर स्कॉटच्या पुढाकाराने पुन्हा उघडली. जुन्या प्रवासपुस्तकांत याच दालनात ‘स्टोन ऑफ डेस्टिनी’, म्हणजे स्कॉटिश राजांच्या राज्याभिषेकाचा दगड, असल्याचं लिहिलेलं असतं. तो दगड 2024 पासून पर्थच्या संग्रहालयात आहे, इथे शोधू नका. मग 1511 च्या सुमाराचा ग्रेट हॉल आणि त्याचं लाकडी छत, मग बाराव्या शतकातलं सेंट मार्गारेट चॅपल. हे शहरातलं उभं असलेलं सर्वांत जुनं बांधकाम, आपल्या गावाकडच्या एखाद्या छोट्या देवळाएवढं. त्याच्या बाहेर 1449 ची ‘मॉन्स मेग’ ही तोफ. तिचा दगडी गोळा सुमारे 150 किलोचा, शेजारीच ठेवलेला असतो.

बाबांना इथे तीन गोष्टी आवर्जून दाखवा. एक, उत्तरेचा कडा. मार्च 1314 मध्ये टॉमस रँडॉल्फ या स्कॉटिश सरदाराने अवघ्या 30 माणसांनिशी रात्रीच्या अंधारात हाच कडा चढून किल्ला इंग्रजांकडून घेतला. कोंढाण्याची रात्र ज्याच्या मनात आहे त्याला तटावरून खाली बघताना वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. दोन, विहीर. कातळात 28 मीटर खणूनही पाणी पुरत नसे. 1573 मध्ये लांबलेल्या वेढ्यात गड पडला, त्यात पाणी आटल्याचा वाटा मोठा होता. त्याच वेढ्यात तोफांनी डेव्हिडचा बुरूज कोसळला आणि त्याच्या अवशेषांभोवती आजचा अर्धचंद्राकृती तोफांचा बुरूज बांधला गेला. आणि तीन, बाहेरच्या मैदानावरचा 78 व्या हायलँडर्स पलटणीचा क्रूस. त्यावर हत्ती कोरलेला आहे. स्मारक 1857-58 च्या उठावातल्या लढायांत मेलेल्या सैनिकांचं आहे, पण हत्ती आला तो आपल्या महाराष्ट्रातून: 23 सप्टेंबर 1803 ला जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध लढल्याबद्दल या पलटणीला तो हत्ती निशाणी म्हणून मिळाला. आपल्या मातीतली लढाई इतक्या दूर दगडात कोरलेली आहे आणि आपली माणसं तिच्यासमोरून न बघता जातात, याचं वाईट वाटतं.

पावणेएकला मिल्स माउंटच्या तटापाशी या. मुलाचे कान झाकायला तयार राहा, आवाज छातीत बसतो.

किल्ल्यातून बाहेर पडल्यावर रॉयल माइल पुरा उतरू नका. ही सहलीतली सर्वांत उपयोगाची गोष्ट समजा. सलग उतार हाच बाबांच्या गुडघ्याचा शत्रू आहे. वरचा अर्धा किलोमीटरभर भाग, सेंट जाइल्स कॅथेड्रलपर्यंत, सावकाश चाला, मधे जेवा. कॅथेड्रलमधलं 1911 चं थिसल चॅपल छोटं आहे. पण लाकडातलं कोरीवकाम बघत आई रमतील. ‘मेरी किंग्ज क्लोस’ ही जमिनीखालच्या बोळांची फेरी तासाभराची, सगळी उभ्याने आणि पायऱ्यांची. बाबांसाठी नको. तुम्हाला मुलाला न्यायचं असेल तर आधी नोंदणी करा.

कॅथेड्रलपासून थोडं मागे येऊन जॉर्ज फोर्थ ब्रिजवर वळा. हा रस्ता पूलच असल्यामुळे काऊगेटची घळ पायाखालून जाते आणि तुम्ही जवळजवळ सपाटीने चेंबर्स स्ट्रीटच्या राष्ट्रीय संग्रहालयात पोहोचता. प्रवेश मोफत, पाचपर्यंत. डॉली ही क्लोन केलेली मेंढी इथेच आहे, आणि लुइस बेटावर सापडलेल्या मध्ययुगीन बुद्धिबळाच्या सोंगट्यांपैकी 11. मुलगा या दोन्हींपाशी रमेल. लिफ्टने गच्चीवर जा, किल्ल्याचा देखावा एकही पायरी न चढता मिळतो. समोरच ग्रेफ्रायर्सचं चर्च आणि बॉबी कुत्र्याचा पुतळा. त्याच्या नाकाला हात लावण्याची टूम पर्यटकांनी काढली आहे. त्याने ब्राँझचा रंग उडतो, नाक झिजतं आणि गावकरी वैतागतात. मुलाला आधीच सांगून ठेवा.

रविवारी रॉयल माइलच्या खालच्या टोकाला थेट टॅक्सीने जा. हॉलीरूड राजवाड्याला दीड तास पुरतो, श्राव्य मार्गदर्शक तिकिटातच येतो. स्कॉटलंडच्या मेरी राणीच्या महालात 1566 मध्ये तिच्या डोळ्यांदेखत रिझिओ या सचिवाचा खून झाला. तिथे जाणारा जिना अरुंद आहे, तेव्हा दारातच लिफ्टची चौकशी करा. (वर्षातला बराच काळ राजवाडा मंगळवार-बुधवार बंद असतो. तारखा हलवल्यात तर हे लक्षात ठेवा.) समोरचं संसद भवन रविवारी बंद, फक्त बाहेरून बघता येईल.

त्यानंतर टेकडी किंवा जहाज, दोन्ही नाही. आर्थर्स सीट 251 मीटर उंच. राजवाड्यापासून वर-खाली करायला दोन तास, आणि शेवटचा टप्पा गुळगुळीत झिजलेल्या खडकाचा. पाऊस पडून गेला असेल तर तिथेच लोक घसरतात. ती चौघांची गोष्ट नाही. माझं मत जहाजाला: ब्रिटानिया या राजघराण्याच्या जुन्या जहाजावर सगळ्या डेकवर लिफ्टने जाता येतं, दोन तास लागतात. सेंट अँड्र्यू स्क्वेअरहून ट्रामने ओशन टर्मिनल. ट्रामचं तिकीट चढण्याआधी फलाटावरच घ्यायचं. बसमध्ये मात्र चालक सुटे परत देत नाही, तेव्हा कार्ड टेकवा, प्रत्येक मोठ्याचं वेगळं. मुलाचं तिकीट निराळं काढावं लागतं.

आईंच्या जेवणाचं. तिथे ‘व्हेजिटेरियन’मध्ये अंडं येतं, म्हणून अंडं नको असेल तर ‘व्हीगन’ विचारणं सर्वांत सोपं. मसुराचं सूप शाकाहारी वाटतं, पण ते पुष्कळदा डुकराच्या हाडांच्या पाण्यात शिजवतात. काही दुकानांत चिप्स गाईच्या चरबीत तळतात. दोन्ही ठिकाणी आधी विचारा. शाकाहारी हॅगिस मात्र जरूर खावं: ओट्स, डाळी-कडधान्यं आणि मिरपूड, सोबत सलगम आणि बटाट्याचा लगदा. शॉर्टब्रेडमध्ये सहसा मैदा, लोणी, साखर एवढंच असतं. ‘टॅबलेट’ नावाची साखर-लोणी-आटीव दुधाची रवाळ वडी तुमच्या कंदी पेढ्यांच्या गावच्या माणसांना ओळखीची वाटेल. पबांची स्वयंपाकघरं रात्री नऊच्या आसपास बंद होतात, जेवण आठच्या आत आटपा.

छत्री नेऊ नका, वाऱ्याने उलटते. टोपीचे रेनकोट आणि रबरी तळाचे बंद बूट घ्या. ओली फरसबंदी निसरडी होते, म्हणून बाबांना काठी घेऊ दे, एरवी घेत नसले तरी.

नोंदणी या क्रमाने करा: आधी खोली, मग गाडी, मग किल्ल्याची वेळ. बाकी सगळं आदल्या आठवड्यात होतं. आणि परतताना हातात स्कॉटिश बँकांच्या नोटा उरल्या असतील तर त्या वेव्हर्लीवरच खर्च करून टाका. लंडनमधले काही दुकानदार त्या घ्यायला नाखूश असतात.